गिटार निवडताना ब्रिज आधी पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत नवी गिटार घेण्याविषयीचा लेख वाचला. कॉलेजे सुरू होण्याच्या तोंडावर असा लेख हवाच होता. पण आर्चटॉप (जिचा टॉप, म्हणजे बॉडीची तारांखालची फळी, कमानीसारखा फुगीर असतो) आणि फ्लॅट टॉप (जिचा तो सपाट असतो) या दोन प्रकारांबद्दल त्यात जे लिहिले आहे त्यातले बरेचसे चुकीचे आहे, आणि काही सल्ले तर असे आहेत की ते पाळले तर वाद्य बिघडेल. गोल भोक असेल तर फ्लॅट टॉप आणि इंग्रजी एफच्या आकाराच्या दोन खाचा असतील तर आर्चटॉप, एवढ्यावर लेखाने फरक आटोपला आहे. पुढे नवशिक्याने आर्चटॉपला 10 नंबरच्या बारीक तारा लावाव्यात (नंबर म्हणजे संचातल्या सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत), आणि महिन्यातून एकदा सगळ्या तारा काढून वाद्य आतबाहेर पुसावे, असेही सुचवले आहे. या तिन्ही गोष्टींवर जरा सविस्तर लिहितो.

आधी भोकाचे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कॅलामझू गावी ऑर्व्हिल गिब्सन यांनी 1890 च्या दशकात व्हायोलिनसारखा कोरीव, फुगीर टॉप असलेल्या मँडोलिन आणि गिटार बनवायला सुरुवात केली. त्या गिटारींना भोक गोल किंवा लंबगोल असे, तरी त्या आर्चटॉपच होत्या. एफ आकाराच्या खाचा गिब्सन कंपनीच्या गिटारवर आल्या त्या 1922 मध्ये, लॉइड लोर यांच्या हाताखाली तयार झालेल्या एल-5 या मॉडेलबरोबर. उलट आज बाजारात सपाट प्लायच्या टॉपवर नुसत्या शोभेसाठी एफ खाचा पाडलेल्या गिटारी सर्रास मिळतात. त्या आर्चटॉप नव्हेत. भोकावरून जात ओळखायला गेले की दोन्हीकडे फसगत होते.

ओळख पटवायची तर ब्रिजपाशी, म्हणजे बॉडीवर तारा ज्या घोडीवर टेकतात तिथे, बघावे. फ्लॅट टॉपचा ब्रिज टॉपला सरसाने चिकटवलेला असतो आणि तारांची गोळीची टोके त्याच ब्रिजमध्ये पिनांनी अडकवलेली असतात. तारा स्वरात लावल्या की 12 नंबरच्या संचाचा एकूण ताण 70 किलोच्या आसपास जातो. हा सगळा ताण ब्रिजला नेककडे (गिटारच्या मानेकडे) ओढतो. तारा टॉपपासून साधारण 12-13 मिलिमीटर वर असल्यामुळे ब्रिज नुसता ओढला जात नाही, तो पुढे कलंडू पाहतो. म्हणून ब्रिजच्या मागचा टॉप थोडा फुगतो आणि भोकाच्या बाजूचा थोडा दबतो.

आर्चटॉपमध्ये तारा ब्रिजवरून नुसत्या पुढे जातात आणि खालच्या टोकाला बसवलेल्या टेलपीसमध्ये अडकतात. ओढ टेलपीसमार्गे बॉडीच्या आतल्या ठोकळ्यावर जाते. ब्रिज टॉपवर सुटा उभा असतो, त्याला जागेवर धरून ठेवतो तो तारांचा दाब. व्हायोलिनची घोडी अशीच उभी असते, आणि तंबोऱ्याच्या तारा घोडीवरून पुढे जाऊन लंगोटाला अडकतात तीही हीच रीत. ब्रिजवर तारांना जो कोन पडतो त्यातून टॉपवर सरळ खाली दाब येतो. 12 ते 16 अंशांचा कोन धरला तर हा दाब 15 ते 20 किलोंच्या घरात जातो.

एका टॉपला ओढ सोसायची आहे, दुसऱ्याला दाब. बाकीचे सगळे इथून सुरू होते. ओढ सोसण्यासाठी फ्लॅट टॉपला स्प्रूस लाकडाचा 2.5 ते 3 मिलिमीटर जाडीचा पत्रा आणि त्याच्या पोटाला फुलीच्या आकाराच्या लाकडी पट्ट्या पुरतात. ही फुलीची बांधणी मार्टिन कंपनीच्या गिटारींत 1840 च्या दशकात आली आणि आजही बहुतेक स्टीलच्या तारांच्या गिटारी तिच्यावरच उभ्या आहेत. (फ्लॅट टॉप नावाप्रमाणे अगदी सपाट नसतो, हेही सांगायला हवे. चांगला कारागीर त्याला मुद्दाम अगदी हलका फुगवटा देतो. त्यामुळे नव्या गिटारवर फूटपट्टी थोडी डुलली म्हणून ती लगेच बिघडलेली ठरवू नये.) दाब सोसायला मात्र कमान लागते. त्यासाठी सुमारे 25 मिलिमीटर जाडीच्या दोन फळ्या जोडून त्यातून टॉप कोरून काढतात. मध्ये तो 6-7 मिलिमीटर राहतो आणि कडेकडे पातळ होत 3 मिलिमीटरच्या आसपास येतो. कोरीव आर्चटॉपच्या कडेवरून बोट फिरवून पाहा: काठाच्या किंचित आत एक उथळ पन्हळ लागते. टॉप तिथे सर्वांत पातळ असतो आणि बिजागरीसारखा तिथूनच हलतो. ही पन्हळ नीट उतरली नसेल तर टॉप कितीही सुंदर दिसो, आवाज गुदमरतो.

आवाजातला फरकही यातूनच येतो. फ्लॅट टॉप हलका आणि लवचीक. त्यात खर्ज भरून येतो, तार छेडल्यावर स्वर बराच वेळ टिकतो, मोकळ्या तारांचे कॉर्ड एकमेकांत मिसळतात. आर्चटॉप जड आणि ताठ. स्वर पटकन उठतो आणि पटकन विरतो, खर्ज आटोपशीर राहतो, मधल्या पट्टीचा जोर मोठा असतो. लेखात आर्चटॉपचा आवाज मोठा असतो असे सरसकट म्हटले आहे, ते खरे नाही. बंद खोलीत शेजारी बसून ऐकले तर चांगली ड्रेडनॉट (मोठ्या बॉडीची) फ्लॅट टॉपच भरदार वाटते. आर्चटॉपचा गुण तो इतर वाद्यांच्या गर्दीतून कानापर्यंत पोचतो यात आहे.

हा गुण हवा होता म्हणूनच हे वाद्य वाढले. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या नाचाच्या बँडमध्ये ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसमोर साधी गिटार ऐकूच येत नसे, तिथे बँजो वाजे. आर्चटॉपने बँजोची जागा घेतली. एल-5 ची रुंदी 16 इंच होती. 1934 मध्ये आलेल्या गिब्सनच्याच सुपर 400 ची 18 इंच झाली. न्यूयॉर्कमध्ये जॉन डिअँजेलिको यांनी 1932 पासून 1964 मध्ये मृत्यू येईपर्यंत हातांनी कोरलेल्या आर्चटॉप आजही या कामाचा मापदंड मानतात. काउंट बेसी यांच्या जॅझ बँडमध्ये फ्रेडी ग्रीन 1937 पासून जवळजवळ पन्नास वर्षे अशाच गिटारवर ताल धरत होते, तोही बहुतेक अँप्लिफायरशिवाय. त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे: प्रत्येक मात्रेला दोन-तीन स्वरांचा बंद कॉर्ड, छेडला की लगेच डाव्या हाताची पकड ढिली करायची. हेच वादन फ्लॅट टॉपवर केले तर स्वर थांबत नाहीत, चिखल होतो. आणि फ्लॅट टॉपवर शोभणारा मोकळ्या तारांचा लांब स्ट्रम आर्चटॉपवर वाजवला की कोरडा वाटतो. 1936 मध्ये गिब्सनची ईएस-150 ही पिकअप (तारांचा कंप अँप्लिफायरकडे पोचवणारे उपकरण) बसवलेली आर्चटॉप आली आणि नुसत्या लाकडाच्या जोरावर आवाज पोचवण्याची गरज हळूहळू कमी झाली.

मराठी माणसाला या वादात परका समजू नये, कारण हिंदुस्थानी संगीताने आर्चटॉप आपलीशी केली आहे. ब्रिजभूषण काबरा यांनी रागदारीसाठी आडवी धरून, तारांवर पट्टी सरकवत वाजवली ती सुपर 400, नट (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) उंच करून घेतलेली. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत हीच स्लाइड गिटार ऐकू येते. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा हीदेखील मुळात बदल केलेली आर्चटॉप आहे, आणि तिच्यावरच्या वादनाला 1994 मध्ये ग्रॅमी मिळाले. मुख्य तारांशिवाय चिकारी (लयीसाठी छेडायच्या तारा) आणि तरफा (आपोआप घुमणाऱ्या तारा) वाढवल्या की ताण कितीतरी वाढतो. हा ताण चिकटवलेल्या ब्रिजवर टाकला तर ब्रिज उखडून येईल किंवा टॉप फुगेल. टेलपीस आणि कोरीव कमान असली की तो सोसता येतो. म्हणून ज्यांना रागदारी स्लाइड शिकायची आहे त्यांनी साध्या फ्लॅट टॉपचा नट उंच करून वर जाड तारा चढवण्याचा खटाटोप करू नये. वर्ष-दोन वर्षांत ती गिटार दुरुस्तीला येतेच.

सुगम संगीत, भावगीताची साथ, कॅपो (पट्टी बदलायचा चिमटा) लावून गाणे, घरी एकट्याने वाजवणे, यासाठी फ्लॅट टॉप घ्यावी. त्यातही गायकाला साथ करायची असेल तर ड्रेडनॉटपेक्षा लहान बॉडी बरी. ड्रेडनॉटचा खर्ज डग्ग्याच्या अंगावर जातो आणि दोन्ही गढूळ होतात. आर्चटॉपची मधली पट्टी मात्र पेटीशी भांडते, तेव्हा पेटी असलेल्या मैफलीत ती जपून वाजवावी.

आता दुकानातली तपासणी. आर्चटॉप म्हणून दाखवलेल्या गिटारच्या एफ खाचेची कड उजेडात धरून पाहा. टॉपवरच्या रेषा कडेवरून वळून तशाच आत उतरत असतील तर लाकूड सलग आहे. कडेला सँडविचसारखे तीन थर दिसले तर तो साच्यात दाबून कमान दिलेला प्लाय. प्लाय म्हणजे फसवणूक असे नाही. 1949 ची गिब्सनची ईएस-175 मुद्दामच प्लायची बनवली गेली, कारण अँप्लिफायरवर वाजवताना तिचा टॉप कमी कंप पावतो आणि शिट्टी मारत नाही. पण अँप्लिफायरशिवाय वाजवण्यासाठी प्लायची आर्चटॉप घेणे म्हणजे दोन्हीकडून नुकसान: फ्लॅट टॉपचा भरणा नाही आणि कोरीव टॉपचा तिखटपणाही नाही. कोरीव टॉपची नवी गिटार हातच्या कारागिराकडून घ्यायची तर हिशेब लाखांत जातो. त्या पैशात उत्तम फ्लॅट टॉप येऊन वर पैसे उरतात. विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये अँप्लिफायरशिवाय वाजवायची आर्चटॉप बसत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

एक तिसरी जात आपल्याकडे फार आहे. जुन्या स्वस्त देशी गिटारींत सपाट प्लायच्या टॉपवर सुटा ब्रिज आणि खाली पत्र्याचा टेलपीस असतो. टॉपला कमान नाही, दाब मात्र आर्चटॉपचा. त्यामुळे ब्रिजखाली टॉप खचतो, तारा फ्रेटला (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना) टेकून झणझणतात, मग ब्रिज वर चढवला जातो, दाब आणखी वाढतो आणि टॉप आणखी खचतो. अशा गिटारवर पैसे घालू नयेत. (जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट वाजवत त्या सेल्मर कंपनीच्या गिटारीही सुट्या ब्रिजच्या आणि टेलपीसच्या होत्या. पण त्यांचा टॉप वाकवून कमान दिलेला आणि आतून नीट बांधलेला असे. त्यांचे नाव सांगून कोणी ही गिटार विकत असेल तर फसू नये.)

फ्लॅट टॉप तपासताना एक साधा कागद न्यावा. ब्रिजच्या मागच्या कडेखाली तो सरकतो का पाहा. कडेत जरा जरी घुसला तरी ब्रिज सुटू लागला आहे. नंतर भोकाच्या आणि ब्रिजच्या मध्ये बोटांनी टिचकी मारत जा. कुठे फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर आतली पट्टी सुटली आहे. शेवटी फ्रेटांवर सरळ लोखंडी पट्टी ठेवून ती ब्रिजच्या दिशेने सरकवा. तिचे टोक ब्रिजच्या माथ्याला टेकले पाहिजे. टोक माथ्याच्या बरेच खाली अडले आणि सॅडलही (ब्रिजमध्ये बसवलेली, तारा टेकायची पट्टी) ब्रिजबाहेर जेमतेम एक मिलिमीटर उरले असेल तर नेकचा कोन ढळलेला आहे. नेक काढून पुन्हा बसवण्याचा खर्च स्वस्त गिटारच्या किमतीएवढा होतो. आर्चटॉपमध्ये हीच खूण ब्रिजच्या दोन पितळी चाकांवर दिसते: चाके पार खाली टेकली आहेत आणि तरी तारा उंच आहेत, तर तोच आजार.

तारांच्या नंबरावर लेखातला सल्ला सर्वांत घातक आहे. फ्लॅट टॉपला 12-53 चा (सर्वांत बारीक तार 12, सर्वांत जाड 53) फॉस्फर ब्राँझ संच योग्य. हाताला जड वाटला तर 11 चालेल. अँप्लिफायरशिवाय वाजवायच्या आर्चटॉपला 12 किंवा 13 चा संच लागतो आणि तिसरी तार गुंडाळलेलीच हवी. 10 नंबर लावला की ताण घटतो, ब्रिजवरचा दाब अपुरा पडतो, ब्रिज जोरात वाजवताना सरकतो किंवा झणझणतो आणि कमान जागीच हलत नाही. मग आर्चटॉपला आवाज नसतो, असा ग्रह होतो. चुंबकी पिकअप असेल तर निकेल किंवा स्टीलच्या गुंडाळीच्या तारा घ्याव्यात. ब्राँझ पिकअपला नीट कळत नाही आणि साध्या तारा गुंडाळलेल्यांपेक्षा मोठ्या ऐकू येतात. फ्लॅट टॉपवर मात्र जोर येतो म्हणून 13 चढवू नये, विशेषतः बारीक पट्ट्यांच्या हलक्या गिटारवर.

आणि सगळ्या तारा एकदम काढणे. फ्लॅट टॉपवर हे चालते. आर्चटॉपवर शेवटची तार ढिली होताच ब्रिज हातात येतो, आणि त्याची जागा फ्रेटांच्या हिशेबाने ठरलेली असते. म्हणून तारा एकेक बदलाव्यात. पुसण्यासाठी ब्रिज उचलावाच लागणार असेल तर आधी त्याच्या पायांच्या चारही बाजूंना कमी चिकट मास्किंग टेप लावून जागा बांधून घ्यावी. परत ठेवल्यावर पहिली आणि सहावी तार तपासावी: बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसते टेकवून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर जुळला पाहिजे. दाबलेला स्वर चढा आला तर ब्रिज टेलपीसकडे, उतरा आला तर नेककडे, अर्ध्या मिलिमीटरने सरकवायचा. सरकवताना तारा थोड्या ढिल्या कराव्यात, नाहीतर टॉपच्या पॉलिशवर ओरखडे उठतात. तारा चढवताना ब्रिजचा माथा हळूहळू नेककडे झुकतो. स्वरात आल्यावर बाजूने बघून तो सरळ करावा, झुकलेला ब्रिज एके दिवशी धाडकन पडतो.

ब्रिजचे पाय टॉपच्या वळणाला पूर्ण टेकले पाहिजेत. नव्या गिटारींत बहुधा टेकत नाहीत. टॉपवर 120 नंबरचा पॉलिश पेपर खरबरीत बाजू वर करून टेपने लावावा, ब्रिज त्याच्या ठरल्या जागी धरून नेक-टेलपीस याच दिशेने थोडा थोडा घासावा, शेवटी 220 ने सफाई करावी. पायाखाली कुठेही उजेड दिसता कामा नये. या अर्ध्या तासाच्या कामाने आवाजात जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या तारांनी पडत नाही. टेलपीस आणि ब्रिजमधला तारांचा तुकडा कधी कधी आपणहून घुमतो. तिथे तारांमधून फेल्टची पट्टी ओवली की बंद होतो.

राहिला पावसाळा. गिटारचे लाकूड 45 ते 55 टक्के आर्द्रतेत स्वस्थ राहते. मुंबई, कोकण, गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवा त्याच्या कितीतरी वर असते. फ्लॅट टॉप पाणी पिऊन फुगतो, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा उंच होतात. मग लोक सॅडल घासून घेतात. डिसेंबरात लाकूड आटते, टॉप खाली बसतो आणि प्रत्येक तार झणझणते. पावसाळ्यात सॅडल कधीही घासू नये. फार अडचण असेल तर दुसरे, थोडे बुटके सॅडल बनवून तात्पुरते घालावे आणि मूळचे जपून ठेवावे. आर्चटॉपला इथे सोय आहे: तारा जरा ढिल्या करून ब्रिजची दोन चाके पाव-पाव फेरा फिरवली की उंची जुळते. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली 2.4 मिलिमीटर आणि पहिलीखाली 1.6 ते 1.8 हे फ्लॅट टॉपचे सोयीचे माप. अँप्लिफायरशिवायच्या आर्चटॉपला पाव-अर्धा मिलिमीटर जास्त ठेवावे, तरच ती खुलते. समुद्राजवळ टेलपीसच्या खिळीला आणि बिजागरीला गंज धरतो, तिथे महिन्यातून एकदा तेलाचा कापडी हात फिरवावा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये नेमके उलटे होते: सलग लाकडाचा टॉप आटून चिरतो. तिथे केसमध्ये आर्द्रतेची पाकिटे ठेवावीत आणि गिटार उन्हात उभ्या गाडीत क्षणभरही सोडू नये, कारण तेवढ्या उष्णतेत फ्लॅट टॉपच्या ब्रिजखालचा सरस मऊ पडतो.

पुढच्या रविवारी जागा थोडी असेल तर निदान दोन दुरुस्त्या छापाव्यात ही विनंती: आर्चटॉपला 10 नंबरच्या तारा लावू नयेत, आणि तिच्या सगळ्या तारा एकदम काढू नयेत. लेख वाचून ज्यांनी ब्रिज आधीच काढला असेल त्यांनी वर दिल्याप्रमाणे हार्मोनिक लावून तो परत बसवावा, चिकटवू मात्र नये.

आपला,
एक वाचक व वाद्यदुरुस्ती कारागीर, पुणे